योस्टच्या सहा फळ्या

विटनब्रोकमध्ये घरं सात. ओकची झाडं मात्र भरपूर, आणि प्रत्येक झाडाला मालक. मालकाने त्याच्या फळ्या कापून पोटमाळ्यावर सुकत ठेवायच्या, स्वतःच्या शवपेटीसाठी. बिनजमिनीच्या माणसाला पाइनची पेटी. योस्ट बिनजमिनीचा. माझ्या सासऱ्यांच्या खोपटात राहायचा आणि जन्मभर माळावरची झुडपं मुळांसकट, मातीसकट सोलायचा. ती गोठ्यात अंथरायची, शेणामुताने भिजली की शेतात टाकायची. त्याशिवाय आमच्या वाळूत काही उगवत नसे. या कामाने भल्याभल्यांच्या पाठी मोडल्या. योस्ट मात्र ताठ राहिला, आणि गावात सगळ्यांत उंच.

दलदलीत रुतलेली सासऱ्यांची घोडी त्याने एकट्याने ओढून काढली, तेव्हा त्यांनी त्याला एक ओक दिला. त्याच्या सहा फळ्या झाल्या. दर वर्षी थंडीआधी तो त्या खाली काढायचा, पुसायचा आणि एकीवर आडवा होऊन माप बघायचा.

"अजून वाढतोयस की काय रे?" मी विचारायची.

"तुझ्या हातचं खाऊन? आटतोय, गेशे."

दुसरं महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात पूर्वेकडून निर्वासित आले. योस्टच्या खोपटात एर्ना आणि तिची आई आली. म्हातारी एवढीशी, लहान पोरीच्या उंचीची. ती योस्टचे मोजे रफू करायची, तो तिच्यासाठी चुलीजवळची जागा सोडायचा. जानेवारीत ती गेली. आमच्याकडे मयताचं सगळं पहिल्या शेजाऱ्याने, म्हणजे सगळ्यांत जवळच्या घराने, बघायचं असतं. माझा नवरा अजून युद्धकैदेत होता, म्हणजे ते माझ्यावर आलं. प्रेत आमच्या घरी आणलं. पण पेटी कुठून आणणार? पाइनचं रान जळणापायी साफ झालेलं. आमच्या घरच्या फळ्या सासऱ्यांबरोबर मातीत गेलेल्या, आणि बाकीचे मालक आपल्या देईनात. मी योस्टकडे गेले.

"तुझ्या फळ्या दे."

त्याने वर पोटमाळ्याकडे बघितलं. "जन्मात तेवढंच माझं आहे, गेशे."

"मी तुला दुसरा ओक देईन. शब्द देते."

"ओक सुकायला वर्षं लागतात. आणि शब्दात कुणाला पुरत नाहीत."

"मग नीज खुशाल त्यांत," मी म्हटलं. "माणसापेक्षा तुला लाकूड प्यारं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही म्हातारीला बटाट्याच्या पोत्यांत शिवलं आणि गाडीवर ठेवलं. चर्चचं गाव दोन तासांवर. योस्ट आला नव्हता. त्याच्या खोपटातून करवतीचा आवाज येत होता.

"जळण कापतोय मेला," मी म्हणाले.

"थोडं थांबूया का?" एर्ना म्हणाली. "येतील ते. आईवर जीव होता त्यांचा."

"तो कसला येतोय. हाका गाडी."

परत आलो तेव्हा तो दारात उभा होता, बाह्यांवर लाकडाचा भुसा. आमच्याकडे बघितलं आणि आत गेला. ईस्टरपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. मग बोलायला लागलो, पावसापाण्याचं, बटाट्यांचं. फळ्यांवर तो पुन्हा कधी आडवा झाला नाही. लाज वाटत असेल, मी म्हटलं, वाटायलाच हवी.

बारा वर्षांनी योस्ट गेला. तोवर खत पोत्यांतून यायला लागलं होतं आणि माळ कुणी सोलत नव्हतं. पहिली शेजारीण मीच. सुताराला घेऊन त्याच्या पोटमाळ्यावर चढले. सहाही फळ्या तिथेच होत्या, स्वच्छ पुसलेल्या.

सुताराने टेप लावली. "ह्या कुणाच्या मापाच्या?" तो म्हणाला. "योस्टच्या नडग्या बाहेर राहतील."

पाच फळ्या आखूड कापलेल्या होत्या, सगळ्या एका मापाच्या. सहावी लांब होती, पण त्याच मापावर तिच्यात करवत अर्ध्यापर्यंत जाऊन थांबली होती. मी त्या खाचेत बोट घातलं आणि तिथेच बसून राहिले.

योस्टला आम्ही पाइनच्या पेटीत नेलं. फळ्या आता माझ्याकडे आहेत. त्या सकाळी थांबूया म्हणणारी एर्ना होती, आणि गाडी हाका म्हणणारी मी.