मिश्री आणि दातांच्या डॉक्टरबाई

मी मिश्री लावते हे सूनबाईला ठाऊक नव्हतं. ते तसंच राहावं म्हणून जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या त्या इमारतीत मी रोज सकाळी तळघरात जाऊन बसायची. तळघराला तिकडे केलर म्हणतात. आमच्या केलरमध्ये कपडे धुवायची सामाईक खोली होती, सहा बिऱ्हाडांची सहा यंत्रं ओळीने मांडलेली. मुलगा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, सूनबाई फ्रँकफुर्टला कॉम्प्युटरच्या ऑफिसात, नात शाळेत. तिघं बाहेर पडली की घर इतकं गप्प व्हायचं की फ्रिजची घरघर ऐकू यायची. मग मी चार कपडे बादलीत घालून खाली जायची, यंत्र लावायची, बादली उपडी करून तिच्यावर बसायची आणि डबी उघडायची.

मिश्री नुसती घासायची नसते, हे लावणाऱ्या बायकांना सांगायला नको. तंबाखू तव्यावर काळी भाजून, कुटून, वस्त्रगाळ केलेली ती पूड बोटाने दातांना लावायची आणि मग तासभर तोंडात धरून बसायचं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनीच माझ्या बोटावर पहिली चिमूट ठेवली होती. मागच्या दारी त्या, दोन जावा आणि मी. तोंडं भरलेली, कुणाला धड बोलता यायचं नाही, तरी अख्ख्या गावाच्या बातम्या तिथेच कळायच्या. आमचे हे गेले, त्यानंतर मुलगा मला घेऊन आला. तेव्हा बॅगेत काळा मसाला म्हणून मी जो पुडा आणला, तो मसाला नव्हता हे आता सांगायला हरकत नाही.

तर दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. दाढ ठणकायला लागली. लवंग धरली, हिंग भरला, चार दिवस काढले. पाचव्या दिवशी गाल सुजला आणि सूनबाईच्या लक्षात आलं.

"अहो आई, हे काय! चार दिवस दुखतंय आणि तुम्ही गप्प?"

"तुझी मीटिंग होती ना गं."

"मीटिंग रोजच असते!"

दोन गल्ल्या सोडून दातांचा दवाखाना होता, तिथे ती मला घेऊन गेली. आत गेले तर खुर्चीपाशी एक बुटकी, नाजूक बाई. नाक बसकं, केस काळेभोर. मला वाटलं नर्स असेल. सूनबाई हळूच म्हणाली, "आई, ह्याच डॉक्टर. व्हिएतनामच्या आहेत." खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत घरच्यांखेरीज काळ्या केसांचं माणूस इतकं जवळून बघितलं नव्हतं.

दाढ गेलेलीच होती, ती त्यांनी काढली. पण काढून झाल्यावरही माझा खालचा ओठ बाहेर वळवून बराच वेळ बघत राहिल्या. आत एक पांढरा चट्टा होता, रुपयाएवढा. पुसून जात नव्हता. त्यांनी सूनबाईला काहीतरी विचारलं.

"आई, विचारतायत की तुम्ही दातांना काय लावता?"

आता बघा, खरं सांगायला तीच वेळ होती. पण सूनबाईच्या तोंडून ते जर्मनमध्ये सांगायचं म्हणजे आधी सूनबाईला सांगायचं. मी म्हणाले, "मंजन." तिने तसंच सांगितलं. डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि तीन आठवड्यांनी परत बोलावलं. घरी येताना सूनबाई म्हणाली, चट्टा अजूनही तसाच राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवतील. कशासाठी, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघींनाही कळलं होतं.

घाबरून दोन दिवस मिश्री बंद ठेवली. तिसऱ्या दिवशी खाली गेले. नाही राहवलं. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, हे सगळं खरंच. पण त्याहून मोठं म्हणजे सकाळचा तो तास. तो कुठे घालवायचा, हेच समजेना.

तीन आठवड्यांनी मी एकटीच गेले. सूनबाईला रजा मिळत नव्हती आणि मला ती यायला नकोच होती. माझं जर्मन म्हणजे दुकानांची जाहिरातपत्रकं आणि टीव्हीवरची स्वयंपाकाची माणसं यांच्याकडून शिकलेलं. भाज्यांची नावं सगळी यायची. बाकी हातवारे. डॉक्टरबाईंनी ओठ वळवून बघितला, चट्टा तिथेच. विचारलं, "तेच मंजन अजून लावता?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझा उजवा हात धरला, उलटा केला आणि तर्जनीचं टोक दिव्याखाली धरलं. चाळीस वर्षं मिश्री लावलेलं बोट ते, नखाच्या कडेपर्यंत काळं. साबणाने जात नाही. मी लहान मुलीसारखी खाली बघत बसले. मग पदराआडून डबी काढली आणि त्यांच्या हातात दिली.

त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि हसल्या, पण डोळे हसत नव्हते. म्हणाल्या, "माझी आजी पान खायची."

पुढचं मला एका दिवशी कळलेलं नाही. तपासणीच्या निमित्ताने पुढच्या वर्षभरात चार-पाच वेळा गेले, त्यातून जुळवलेलं आहे. ज्या दिवशी माझं तोंड कापसाने भरलेलं असेल, त्या दिवशी त्या जास्त बोलायच्या. मी आयुष्यभर बडबडी. मला गप्प बसवून माझ्याशी बोलणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. शब्द कळला नाही तर भेटीची वेळ लिहायच्या चिठ्ठीवर चित्र काढून दाखवायच्या. होडी अशीच काढली होती. एवढीशी होडी आणि तिच्यात माणसांचे ठिपकेच ठिपके. एका ठिपक्याखाली रेघ ओढून म्हणाल्या, "मी. अकरा वर्षांची." शेजारचा ठिपका आजीचा. आईवडिलांचे ठिपके काढले नाहीत. मीही बोट दाखवून विचारलं नाही.

युद्धानंतर देश सोडून निघालेल्या त्या माणसांना भर समुद्रातून जर्मन जहाजाने उचललं आणि इकडे आणलं. आजीचे दात काळे होते, मुद्दाम रंगवलेले. त्यांच्याकडे जुन्या काळी बाईचे दात काळे चमकणारे असले की ती देखणी. इथे लोक बघतात म्हणून आजी तोंडावर हात धरून बोलायची. सुपारी पॅरिसहून कुणी ओळखीचे टपालाने पाठवायचे. पुढे तिच्या तोंडात जखम झाली. डॉक्टरांकडे दुभाषी म्हणून कोण जाणार, तर शाळेत जाणारी नात. डॉक्टरांनी विचारलं, आजी काय खाते, काय चघळते? पोरीला लाज वाटली. म्हणाली, काही नाही, नुसता चहा पिते.

"पुढच्या वर्षी गेली ती," डॉक्टरबाई म्हणाल्या.

माझ्या तोंडात तेव्हा कापूस नव्हता. मी म्हणाले, "म्हणून तुम्ही दातांच्या डॉक्टर झालात?"

"नाही हो!" त्या म्हणाल्या. "सगळ्यांना तसंच वाटतं. माझं जर्मन वाईट होतं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, तुला बोलायचं काम जमणार नाही, हाताचं शीक."

म्हणून दातांच्या कारखान्यात लागल्या, चिनीमातीचे दात घडवायला. दुसऱ्यांच्या तोंडातले दात वर्षानुवर्षं टेबलावर बघितले, तोंड कधी बघितलं नाही. संध्याकाळी रात्रशाळा, मग कॉलेज, तिथे वर्गात सगळ्यांत मोठ्या. या दवाखान्यातले म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तो यांच्या हवाली केला. तरी पहिली दोन वर्षं लोक खुर्चीत बसून यांनाच विचारायचे, "डॉक्टर कधी येणार?" या हातमोजे चढवून म्हणायच्या, "आल्या." हे ऐकून मला मीच आठवले, नर्स समजणारी. पण ते मी सांगितलं नाही. आता त्या खुर्चीत आजोबा, मुलगा, नातू, तिन्ही पिढ्या बसतात.

असो. त्या दिवशी डबी परत देताना त्या एवढंच म्हणाल्या, "घरी सांगा. मोठ्या दवाखान्यात तुकडा काढायला तुमच्याबरोबर माणूस लागेल."

रात्रीची जेवणं झाल्यावर सांगितलं. नातीने जर्मनमध्ये विचारलं, आजी सिगारेट ओढते का? सूनबाई ताटं उचलता उचलता थांबली.

"आई, मी तिथे बाजूला उभी होते. माझ्याच तोंडून खोटं सांगायला लावलंत."

"तू काय म्हणशील असं वाटलं."

"काय म्हणणार होते मी? माझी आजी तपकीर ओढायची, अहो!"

मग तिने रजा घेतली, मागेपुढे पाहिलं नाही. मोठ्या दवाखान्यात दिवसभर माझ्याशेजारी बसून होती. डबी मी त्याच दिवशी तिच्या हाती दिली. निकाल यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत मी खाली गेले नाही. सकाळी गॅलरीत बसायची, तोंड रिकामं, हात रिकामे.

निकाल चांगला आला. मिश्री सुटली तर चट्टा आपोआप विरेल, पण दर तीन महिन्यांनी दाखवायचं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. ते वर्ष मी तसंच मोजलं. भेट जवळ आली की पातळ काढून ठेवायची, सांगायच्या गोष्टी मनात जर्मनमध्ये लावून ठेवायची. त्यांची आजी खायची तसं पान आमच्याकडे लग्नात कसं लावतात, ते एकदा पूर्ण सांगितलं. पंचवीस मिनिटं लागली. बाहेर पेशंट खोळंबले होते.

वर्ष झालं तेव्हा त्यांनी ओठ वळवला, दिवा जवळ आणला, बारकाईने बघितलं आणि म्हणाल्या, "काहीच नाही. छान. आता सहा महिन्यांनी या."

मी म्हणाले, "तीन नाही का?"

"तीनची गरज उरली नाही. तुम्ही बऱ्या झालात."

"पण मला तीन चालतील."

त्यांनी हातमोजे काढले, माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं असावं. पण दाराशी एक बाई रडक्या मुलाला घेऊन उभी होती. डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहिली, माझ्या हातात दिली आणि क्षणभर तो हात सोडला नाही. मग मुलाला आत बोलावलं.

मी बाहेर आले. घरी कुणी यायला अजून पाच तास होते. मी लांबच्या रस्त्याने, नदीवरून गेले.