लायनोवरचे वण

लहानपणी मला देवी आल्या. वाचले, वण राहिले. घरात त्याचा कुणी बाऊ केला नाही. पण लग्नासाठी फोटो काढला तेव्हा फोटोवाल्याने पेन्सिल चालवून माझा चेहरा ताटासारखा गुळगुळीत करून दिला. सगळ्यांना आवडला. मलाही.

एकाहत्तर साल असावं. मी नगरला चित्रकला शिक्षिकेचा कोर्स करत होते. वर्षअखेरच्या प्रदर्शनासाठी सरांनी प्रत्येकीला लायनोवर, म्हणजे रबरासारख्या मऊ तुकड्यावर, स्वतःचा चेहरा कोरून त्याचा ठसा काढायला सांगितला. मी आरसा समोर ठेवून कोरला, अर्थात वण वगळून. शाई लावली, वर कागद ठेवला, चमच्याच्या पाठीने घासला आणि उचलला.

शेजारची मैत्रीण म्हणाली, "कोण गं ही? तुझी जाऊ?"

"माझं लग्न कुठे झालंय?"

"म्हणून तर विचारतेय, मग ही कोण?"

तिचं बरोबर होतं. काळा सपाट चेहरा, कुणाचाही असता.

लायनोवर कोरलं ते पांढरं उमटतं, आणि एकदा कोरलं की भरून काढता येत नाही. प्रदर्शनाला सगळं गाव येणार होतं. तरी बारीक हत्यार घेऊन गालावर पहिला वण टोचला. मग दुसरा. चार-पाच झाल्यावर मजा यायला लागली. कपाळ, हनुवटी, नाकाचा शेंडा. आरशात इतकं निरखून मी स्वतःला कधी पाहिलंच नव्हतं.

नवा ठसा उचलला तर दाट वणांचा गाल भलतीकडे, नाकातली चमकीही भलतीकडे. ठसा उलटा उमटतो, म्हणून चित्र लायनोवर आधीच उलटं करून घ्यायचं असतं, तेच विसरले होते.

सर म्हणाले, "बरं झालं विसरलीस. आरशात उलटी दिसतेस, इथे सुलट झालीस. आम्हाला तू अशीच दिसतेस."

मी पुन्हा पाहिलं. बरी दिसत होते की!

प्रदर्शनाला पारनेरहून आई आली आणि माझ्या ठशापुढे ठाण मांडून उभी राहिली. एका बाईंनी थांबून विचारलं, "कोण हो ही?"

"माझी लेक हाय. हितंच हाय. ए, इकडं ये गं!"

मी गेले. आईने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "बघा. हाय का न्हाई त्येच?"

बाईंनी एकदा मला पाहिलं, एकदा भिंतीकडे. "हुबेहूब. नाक तेवढं जरा मोठं झालंय."

"कुठं मोठं झालंय? तेवढंच हाय तिचं. तिच्या आत्यावर गेलंय."

वणांबद्दल दोघीही बोलल्या नाहीत. आत्याच्या नाकावर मात्र बराच वेळ चर्चा चालली.