भोक पाडलेला कॅन

मामीचा फोन आला तेव्हा मी पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये मुलांची जर्नलं तपासत बसले होते. "मामा गेलं गं," एवढंच ती म्हणाली. मला रडू आलं नाही. माझ्या तोंडून आधी प्रश्न आला, "कुणी सांगितलं?" पलीकडून मामी म्हणाली, "कुणी सांगाय कशाला पायजे? माझ्यासमोरच हायत की." त्या प्रश्नाची मला नंतर फार लाज वाटली. आता सात आठवडे झाले, आणि वाटतं, तो प्रश्न माझा नव्हताच. तो बापूमामांचा होता. चांगली असो वाईट असो, बातमी कानावर आली की ते आधी हेच विचारायचे. कुणी सांगितलं, त्यानं स्वतः बघितलं का, आणि बघितलं असेल तर किती लांबून.

बापूमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. मुरगूडला राहायचे, चौथीपर्यंत शिकलेले. आसपासच्या गावांतून दुधाचे कॅन गोळा करून संघाच्या केंद्रावर पोचवणारा टेम्पो त्यांनी चाळीसेक वर्षं चालवला. माझ्या वडिलांना शेतीतून मान वर काढायला सवड नव्हती, आणि शिक्षणातलं आमच्या घरात कुणालाच काही कळत नव्हतं. मामांनाही नव्हतं. पण ते म्हणाले, "मला कळत न्हाय ते बरंय. न कळणारा माणूस चार येळा इचारतोय." असं म्हणून त्यांनी माझ्या शाळा-कॉलेजचं सगळं आपल्याकडे घेतलं. दर सोमवारी पहाटेची फेरी उरकली की तोच टेम्पो मला कोल्हापूरच्या होस्टेलवर सोडायचा. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या खोलीची कडी दहा वेळा लावून-काढून बघितली, मेसच्या कढईतल्या तेलात बोट बुडवून वास घेतला आणि रेक्टरबाईंना सरळ विचारलं, "तुम्ही सोता हितंच जेवता का?" मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. बाई मात्र हसल्या आणि "हो, इथंच" म्हणाल्या. मामा म्हणाले, "मग माझी काळजी मिटली."

तेलाच्या बाबतीत तर हा संशय अगदी कळसाला पोचलेला असायचा. खाण्याचं नव्हे, इंजिनातलं. टेम्पोचा किलोमीटरचा काटा कधीच बंद पडला होता आणि तो दुरुस्त करायला ते तयार नव्हते. दर दुसऱ्या अमावास्येला ते तेल बदलायचे. अमावास्येला तसंही गाडी धुवायची, लिंबू-मिरची बदलायची, नारळ फोडायचा, त्यातच तेल. मी इंजिनीअरिंगला गेल्यावर मोठ्या तोऱ्यात त्यांना म्हणाले होते की तेल चांद्रमासावर खराब होत नाही, किती चाललं त्यावर होतं. मामा तेलाची पातळी बघायची पट्टी पुसत पुसत म्हणाले, "काटा मागं फिरवता येतोय. चंद्र कुणाच्या बापाला मागं फिरवता येत न्हाय." खरं तर रोज तोच रस्ता, तेवढ्याच फेऱ्या असतील तर महिने काय आणि किलोमीटर काय, हिशेब एकच निघतो. ते मात्र मला कळायला पुढं डिग्री पूर्ण व्हावी लागली.

तेल घ्यायचं ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या अण्णांच्या दुकानातनंच. अण्णा हे जैन गृहस्थ, त्यांच्या वडिलांपासूनचं दुकान. मामा कॅन उचलायचे, उन्हात न्यायचे, झाकणाखालचं सील नखानं चाचपायचे, कॅन हलवून आवाज ऐकायचे. अण्णा एकदा वैतागून म्हणाले, "बापू, तीस वर्सं झाली माझ्याकडनं नेतोयस. अजून सील बघतोस व्हय रे?" मामा म्हणाले, "बघतोय म्हणून तर तीस वर्सं नेतोय." तेल शेजारच्या मेस्त्रीच्या गाळ्यातच बदलायचं आणि रिकामा कॅन तिथं तसाच सोडायचा नाही. स्क्रूड्रायव्हर घेऊन मामा त्याच्या बुडाला भोक पाडायचे. का, तर चांगले रिकामे कॅन गोळा करून त्यांत जुनंच तेल गाळून भरतात, नवं झाकण लावून विकतात, असं त्यांनी ऐकलं होतं. "माझ्या हातचा डबा दुसऱ्याच्या इंजनाचा घात कराय जायला नको." आणि गाडी कधी नाइलाजानं दुसऱ्याच्या हातात द्यावी लागली, तर तेल सोडायच्या नटावर मामीच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका टेकवून ठेवायचे, म्हणजे नट फिरला की नाही ते कळतं. मामी सगळ्यांना सांगायची, "लग्नातली बाटली हाय ती. माझ्या बोटाला कधी लागली न्हाय, नटालाच लागली." ती बाटली वाळली की मामा नवी आणायचे. तीही नटासाठीच.

लोक त्यांना हसायचे, मीही हसायचे. पण त्यांच्या संशयामुळेच मी आज चार अक्षरं लिहिते आहे, हे मला आज लिहायलाच हवं. दहावीनंतर डिप्लोमाची प्रवेशयादी लागली त्या सकाळी मी आणि मामा कॉलेजात गेलो. काचेतली इंग्रजी यादी मी दोनदा वाचली. माझं नाव नव्हतं. खिडकीतल्या क्लार्कनं मान वर न करताच सांगितलं, "यादीत नसेल तर नाही लागला नंबर. पुढच्या वर्षी या." मी वळले. माझ्या डोळ्यांपुढं गावाकडचं शेत, आईची खुरपी आणि पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. मामा जागचे हलले नाहीत.

"पावणं, ती यादी जरा काचंतनं काढून दावा."

"लावलीय की तिथं. वाचता येत नाही का?"

"मला न्हाय येत. तिला येतंय. तरी बी काढा."

क्लार्कनं पुन्हा आपल्या कागदांत डोकं घातलं. मामा खिडकीसमोरच्या बाकावर बसले आणि त्याच्याकडे नुसते बघत राहिले. त्या बघण्याला कंटाळून तो शेवटी किल्ली घेऊन उठला, काच उघडली, टाचण्या काढल्या. यादी कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलेली होती, आणि त्यानं ती एका बाजूनं टाचली होती. माझं नाव मागच्या पानावर होतं... वरून सातवं. बाहेर आल्यावर मी रागानं म्हणाले, "चोर आहे तो." मामा म्हणाले, "चोर न्हाय गं. कट्टाळलाय. जगात चोर कमी, कट्टाळलेली माणसं लई. सांजच्याला शेवटचा नट कोण बी नीट आवळत न्हाय. म्हणून बघाय लागतंय."

पुढं डिप्लोमा, डिग्री, आणि नंतर शिकवण्याची नोकरी. दरवर्षी मी मुलांना वंगणाचा धडा शिकवते. दीड वर्षापूर्वी मी जुनी गाडी विकत घेतली. आमच्या घरातली पहिली चारचाकी. मामांनी तिच्याभोवती तीन चकरा मारल्या, पट्टी काढली, तेलाचा थेंब दोन बोटांत चोळला आणि म्हणाले, "ह्ये तर पाणीच हाय." त्यांच्या टेम्पोला पंधरा-चाळीसचं जाड तेल, माझ्या गाडीला पाच-तीसचं पातळ. मी वहीवर आकृती काढून समजावलं की या इंजिनात फटी बारीक आहेत, पातळ तेल लवकर वर चढतं, जाड घातलं तर सकाळी सुरू करतानाच झीज होईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाले.

मग तीनेक महिन्यांपूर्वी, तेल किती दिवसांनी बदलायचं यावर आमचं जुंपलं. मी म्हणाले, कंपनीच्या पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलंय. मामा म्हणाले, "पुस्तक कुणी छापलं? गाडी इकणाऱ्यानंच न्हवं?" मी म्हणाले, आणि लवकर बदला म्हणून कोण सांगतं? तेल विकणारा. त्यावर ते हसले. "आता कसं बोललीस. एकाला गाडी खपवायची, दुसऱ्याला तेल. दोघांच्या मधी इंजन हाय, त्येला इचार." आणि निघताना म्हणाले, "त्ये पुस्तक दे जरा. बघतो."

"मामा, ते इंग्रजीत आहे."

"चितरं बघतो की."

शेवटची भेट त्यानंतर महिन्याभरानं. रविवारी दुपारी ते एसटीनं आले, माझ्याकडून गाडीची किल्ली घेतली, मी चहा टाकेपर्यंत खाली जाऊन गाडीत बसून आले. चहा पिताना विचारलं, "त्ये पुस्तक सगळं वाचलंस?"

मी म्हणाले, "वाचलं की."

मी वाचलं नव्हतं. सर्व्हिसचा एक तक्ता तेवढा बघितला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं... त्या क्लार्ककडं बघितलं होतं तसं नव्हे, जरा मऊ. तरीही मला ते सहन झालं नाही. घरी जर्नलांचा ढीग पडला होता, आणि ज्या विषयात मी पदवी घेतली त्याच विषयात चौथी शिकलेला माणूस माझी परीक्षा घेत होता. मी म्हणून गेले, "मामा, तुम्हाला सगळं जगच चोर दिसतं. आता मीसुद्धा." त्यांनी कप खाली ठेवला. "तसं न्हाय," म्हणाले. पुढं काहीतरी बोलतील असं वाटलं, पण म्हणाले ते एवढंच, "तू वाचलंस म्हणजे झालं." मी त्यांना स्टँडवर सोडते म्हणाले, तर "रिक्षा हाय की," म्हणून निघाले. दहा दिवसांनी मामीचा फोन आला.

दिवसकार्याला अण्णा मुरगूडला आले होते. मांडवात माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "तुझ्या गाडीचं पातळ तेल खरं का खोटं, ते इचाराय बापू आलतं माझ्याकडं." म्हणजे माझ्यावरही विश्वास नव्हता तर. मी तसं बोलूनही दाखवलं. अण्णा म्हणाले, "मी बी तेच म्हटलं, बापू, पोरगी कालिजात शिकवती, तिचं बी सील बघतोस व्हय? तर म्हणालं, तिचं खरंच असणार. दुसऱ्याच्या तोंडनं ऐकाय आलोय. बरं वाटतंय." अण्णा पुढं म्हणाले, "आणि ते पुस्तक. दोन तास बसलं दुकानात. माझ्याकडनं वाचून घेतलं. म्हणालं, मागच्या पानापास्नं वाच. खरं ते मागच्या पानावर छापत्यात."

मी मुरगूडहून परतले तरी पुस्तक उघडायला धजावले नाही. ते त्या रविवारी मामांनी गाडीच्या कप्प्यात परत ठेवलं होतं, मी रोज त्याच्यासमोर बसून कॉलेजला जात होते, आणि हात पुढं होत नव्हता. मामांचा संशय खोटा निघाला तर मी जिंकेन, आणि ते जिंकणं मला नको होतं. खरा निघाला तर... तेही नको होतं. शेवटी गेल्या आठवड्यात कॉलेजच्या फाटकासमोर गाडी उभी करून पुस्तक काढलं. शेवटून चौथ्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. बारीक अक्षरांतला एक परिच्छेद. वापर कठीण असेल तर तेल निम्म्या मुदतीत बदलावे. कठीण म्हणजे काय, तर धूळ, गर्दीतलं सावकाश चालणं, आणि इंजिन पुरतं तापायच्या आत संपणारे छोटे छोटे प्रवास. माझं घर ते कॉलेज चार किलोमीटर. त्या ओळीच्या शेजारी, समासात, लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

म्हणजे त्या रविवारी ते हेच सांगायला आले होते. मी वाचलं म्हणाले, आणि वाचलेलं नाही हे त्यांना दिसत होतं. हा परिच्छेद वाचलेला माणूस वर्षाची गोष्ट बोललाच नसता. आयुष्यभर प्रत्येकाला "दावा" म्हणणाऱ्या माणसानं मला मात्र "दाव" म्हटलं नाही. पान दुमडलं, ठिपका लावला आणि रिक्षानं निघून गेले. मी कुठल्या पानावर अडले आहे हे त्यांना कळलं होतं, आणि कधीतरी मी तिथवर पोचेन यावर मात्र त्यांनी संशय घेतला नव्हता. त्या दिवशी माझा पहिला तास बुडाला.

परवा अमावास्या होती. मी अण्णांच्या दुकानात गेले. त्यांनी पाच-तीसचा कॅन पुढं केला. मी तो उन्हात नेला, झाकणाखालचं सील नखानं चाचपलं, हलवून आवाज ऐकला. अण्णा चष्मा काढून पुसत राहिले. शेजारच्या गाळ्यात मेस्त्री नवे आहेत, मामांचे जुने मेस्त्री आता बसत नाहीत. त्यांनी नट सोडला, काळं तेल घमेल्यात उतरलं. पट्टीवर ते जेवढं काळं दिसत होतं त्याहून धारेत जास्त दाट दिसलं. फिल्टर बदलला, नवं तेल ओतलं. शेवटचा नट आवळेपर्यंत मी वाकून बघत उभी होते. सगळं झाल्यावर मेस्त्रींनी रिकामा कॅन बाजूला सरकवला.

"बाई, ह्यो ऱ्हाऊ दे की मला. पाणी ठेवाय हुतोय."

माणूस चांगला वाटत होता. मी म्हणाले, "घ्या की. पण तेवढा स्क्रूड्रायव्हर द्या."

त्यांनी दिला. मी कॅन उलटा केला आणि बुडाला टोक टेकवून वरून तळहातानं हाणला. प्लॅस्टिक फाटल्याचा तो आवाज मी लहानपणी इतक्या वेळा ऐकला होता... मेस्त्री आधी कॅनकडं आणि मग माझ्याकडं बघत राहिले. "आता ह्यात पाणी कसं ऱ्हाईल?" असं म्हणता म्हणता त्यांचा चेहरा बदलला.

"मुरगूडच्या मामांच्या कोण तुम्ही?"

"भाची," मी म्हणाले.

"तरीच," ते म्हणाले, आणि भोक पाडलेला तो कॅन घेऊन मागच्या भिंतीकडं गेले. तिथं खुंटीला दोरीत ओवलेले पंधरा-वीस कॅन लटकत होते, सगळ्यांच्या बुडाला भोक. मामांचेच, जुन्या मेस्त्रींनी ठेवलेले, मोठे नट आणि वायसर भरायला. त्यांनी माझाही कॅन त्याच दोरीत ओवला.