फूटपट्टी काकूंची कंबर

लग्नाच्या वाढदिवशी बायका नवी साडी नेसतात. आमच्या मजल्यावरच्या फूटपट्टी काकू त्या दिवशी लग्नातला जुना ब्लाउज घालायच्या. रंग उडालेला, काठाची जर काळी पडलेली, बाहीला एका ठिकाणी रफू केलेलं. तो घालून आणि हातात पेढ्यांचा पुडा घेऊन त्या मानपाड्याच्या आमच्या बिल्डिंगीत वरपासून खालपर्यंत प्रत्येक दारात उभ्या राहायच्या. पेढा हे नुसतं निमित्त. दाखवायचे असायचे ते हुक. "बघ, एकही शिवण उसवलेली नाही," असं म्हणून त्या वळून पाठ दाखवायच्या. दारातल्या बाईच्या लग्नातल्या ब्लाउजात आता तिचा एक दंडही गेला नसता. ती बिचारी पेढा तोंडात टाकायची.

फूटपट्टी हे नाव बिल्डिंगीनं ठेवलेलं आणि काकूंना ते ठाऊक होतं. "पट्टी सरळ असते आणि मापात असते. वाईट काय त्यात?" असं त्यांचं म्हणणं. मूळच्या चिपळूणकडच्या. सगळी नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात, खुर्चीवर बसून. त्यामुळे "काय करणार, बसून काम आहे ना" ही आम्हा सगळ्यांची लाडकी सबब त्यांच्यापुढे चालत नसे. काका मात्र गोल होते. काकू आपल्या पानातलं जे बाजूला काढायच्या ते थेट काकांच्या पानात जायचं, त्यामुळे त्या घराचं सरासरी वजन अगदी योग्य होतं. काकांची याबद्दल तक्रार नव्हती. "हिच्या वाट्याचं मी खातो, माझ्या वाट्याचं ही चालते," असं सांगून ते वर्तमानपत्रात तोंड घालायचे.

काकूंच्या घरात सोफा होता, पण तो पाहुण्यांसाठी. त्या स्वतः जेवायला, भाजी चिरायला, टीव्ही बघायला जमिनीवरच बसायच्या आणि हात न टेकता उठायच्या. दुसऱ्यांनाही उठायला लावायच्या. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला आले आणि चुकून सतरंजीवर बसले. बोलणं झाल्यावर ते हात टेकायला लागले तशा काकू म्हणाल्या, "टेकायचं नाही." सेक्रेटरी बराच वेळ तसेच बसून राहिले. शेवटी काका पाणी आणायच्या निमित्तानं काकूंना आत घेऊन गेले, तेव्हा त्यांची सुटका झाली.

उभ्यानं खायला त्यांची सक्त मनाई. फ्रीजचं दार उघडून कालचा शिरा चमच्यानं खाणं, पोळ्या लाटता लाटता दाणे तोंडात टाकणं, याला त्या चोरी म्हणायच्या. "उभ्यानं खाल्लेलं पोटाला कळत नाही, कंबरेला बरोबर कळतं." आणि पोरांच्या ताटातलं उष्टं संपवणाऱ्या आयांवर तर त्यांचा विशेष राग. आमच्या खालच्या मजल्यावरची अनघा मुलाच्या डब्यातला उरलेला पराठा खात होती, तेव्हा काकूंनी तिला जिन्यातच थांबवलं. "अगं, आईचं पोट म्हणजे घंटागाडी आहे का?" अनघानं तो पराठा तसाच हातात धरून घर गाठलं.

बाकी बिल्डिंगीत बारीक होण्याचे नाना उद्योग चालायचे. कोणी पावडरी विकायचं, कोणी जिमचं पॅकेज घ्यायचं आणि कार्ड देवघरात ठेवल्यासारखं पर्समध्ये ठेवायचं. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध तर घरोघरी. काकू म्हणायच्या, "लिंबानं चरबी जात असती तर सरबतवाला काडीसारखा दिसला असता. आपला स्टेशनजवळचा बघा जरा." पण त्या उपाशी राहणाऱ्यांतल्या नव्हत्या. रविवारी मटण, अधूनमधून वडापाव, आंब्याच्या दिवसांत आंबा. सगळं खायच्या. फक्त बसून, सावकाश खायच्या आणि अजून एक घास जाईल असं वाटत असतानाच उठायच्या. तेवढं एक उठणं आम्हाला कुणाला जमलं नाही.

माझा त्यांच्याशी खरा संबंध आला तो माझं लग्न ठरलं तेव्हा. ठाण्याला टेंभी नाक्यावर राहणारा राहुल. चांगली नोकरी, दिसायला बरा, बोलायला कमी. साखरपुड्यात त्याच्या आईनं मला साडी दिली आणि खांद्यावर घडी ठेवता ठेवता हसत म्हणाली, "सुजाता, लग्नापर्यंत जरा कमी हो हं. स्टेजवर दोघं शोभली पाहिजेत." सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर बाथरूमच्या आरशात बराच वेळ स्वतःकडे बघत राहिले आणि दुसऱ्या दिवशी काकूंच्या दारात गेले.

"मला तुमच्यासारखं व्हायचंय," मी म्हटलं.

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "माझ्यासारखी नाही होणार तू. तुझा बांधाच दणकट आहे. पण चल उद्यापासून."

रोज सकाळी आम्ही चालायला लागलो. काकू पुढे, मी धापा टाकत मागे. त्या वाटेत शिकवत राहायच्या. घास चावायचा. चहाबरोबर बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवायचा नाही, दोन काढून पुडा आत ठेवायचा. जेवताना मोबाइल लांब. यात काहीच चमत्कारिक नव्हतं आणि म्हणूनच मला ते पटलं नाही. एवढ्याशा गोष्टींनी काय होणार? लग्न जवळ येत होतं. राहुलच्या आईचा दर रविवारी फोन यायचा, आधी तब्येतीची चौकशी आणि मग, "किती झालं कमी?" मग मी मोबाइलवरचे व्हिडिओ बघायला लागले. एका मुलीनं काकडी आणि ग्रीन टीवर राहून स्वतःला अर्धं केलं होतं. मीही काकडी आणि ग्रीन टी सुरू केलं. आई रोज ताट वाढायची आणि रोज ते झाकून ठेवायची. वजन भराभर उतरलं. ऑफिसातल्या मैत्रिणी कौतुक करायला लागल्या. मला सगळं लांबून ऐकू येत असल्यासारखं वाटायचं, तेवढंच.

एका संध्याकाळी लिफ्ट बंद होती. मी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर कोसळले. कठड्याला डोकं लागलं. शुद्धीवर आले तेव्हा आमच्या घरात पलंगावर होते, कपाळाला पट्टी, आणि उशाशी फूटपट्टी काकू. त्यांच्या हातात वाटी होती. वरणभात, वर तूप. तूप इतकं की माझा विश्वासच बसेना.

"काय खातेयस सध्या?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. काकूंचा चेहरा उतरला. त्या चिडतील असं मला वाटलं होतं, पण त्या अगदी हळू आवाजात बोलल्या. "मी तुला खायला शिकवत होते, सुजाता. न खायला नाही." मग घास पुढे केला. "आ कर."

वाटी संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत. मग त्यांनी आईकडे वळून विचारलं, "हिला बारीक व्हायला नक्की कुणी सांगितलं?" आईनं टेंभी नाक्याचं नाव घेतलं. "बरं," काकू म्हणाल्या, "रविवारी जाऊ या. लग्नाच्या जेवणात काय काय ठेवायचं ते ठरवायला."

त्या रविवारी आम्ही तिघी ठाण्याला गेलो. आईनं आणि राहुलच्या आईनं एकमेकींना जयभीम केला, काकूंनी नमस्कार केला आणि आम्ही बसलो. राहुलची आई चांगली भरल्या अंगाची, हसतमुख बाई. तिनं काकूंना बघितलं आणि हरखूनच गेली. "अय्या, या वयात ही फिगर! तुम्हीच ना सुजाताला ट्रेनिंग देताय? तेवढं लग्नापर्यंत करून द्या बाई."

"करून द्यायला ती काय पापड आहे?" काकूंनी शांतपणे विचारलं.

राहुलची आई हसली. तिला ती गंमत वाटली.

"हे बघा," काकू म्हणाल्या, "मला बारीक राहायचं होतं ते माझ्यासाठी. मला हलकं वाटतं म्हणून. आमच्या ह्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, जरा अंग धर." मग त्या राहुलकडे वळल्या. "तुझं काय म्हणणं आहे रे?"

राहुलनं मोबाइल उलटा ठेवला. "माझं तसं काही नाही. आई म्हणतेय तर… म्हणजे, हेल्थसाठीच ना."

"ती जिन्यात पडली. कपाळावरची पट्टी दिसतेय ना? तीही हेल्थसाठीच."

मग राहुलची आई म्हणाली, "अहो, मग एकदम कशाला करायचं? थोडं थोडं कमी करायचं." आणि ती स्वयंपाकघरात गेली. डिश घेऊन आली. बटाटेवडे आणि शिरा, केळं घातलेला, गरम. काकूंच्या डिशमध्ये मोठा ढीग, आईच्या तसाच, राहुलच्या त्याहून मोठा. माझ्या डिशपाशी आल्यावर तिनं एक चमचा शिरा घातला आणि हसून म्हणाली, "एवढाच हं, नवरीबाई."

मी राहुलकडे बघितलं. तो वडा खात होता.

"मला अजून वाढा," मी म्हटलं.

"लग्नानंतर," राहुलची आई म्हणाली. अगदी प्रेमानं म्हणाली. बाई दुष्ट नव्हती, हे मला आजही मान्य आहे. पण मला तेव्हा खरी भूक लागली होती, किती तरी आठवड्यांनी, आणि त्या घरात ती दर वेळी कुणाला तरी विचारून भागवावी लागणार हे मला त्या सोफ्यावर बसल्या बसल्या कळलं. मी डिश खाली ठेवली. राहुलनं विचारलं, "नको का? मी घेऊ?"

खाली नाक्यावर आल्यावर काकू म्हणाल्या, "चला, कुठेतरी बसून खाऊ." मिसळीच्या हॉटेलात आम्ही तिघी बसलो. आई रडत रडत मिसळ खात होती, त्यामुळे ती तिखटानं रडतेय की माझ्यामुळे ते वेटरला कळेना, तो सारखा पाणी आणून ठेवत होता. काकू लग्नाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मीच म्हटलं, "मी नाही करणार."

"तुझं तू ठरव. मी फक्त पडल्याचं सांगायला आले होते," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे दुसरा पाव सरकवला.

लग्न मोडल्याची बातमी पसरली तेव्हा बिल्डिंगीत "जाड होती म्हणून नाकारली" अशी कुजबुज झाली. काकूंनी ती मजल्यामजल्यावर जाऊन दुरुस्त केली. "नाकारली नाही. हिनं नाकारला. नीट ऐकून घ्या."

त्यानंतर मी कित्येक वर्षं त्यांच्याबरोबर चालले. बारीक मी झाले नाही. कमरेचं माप थोडं कमी झालं, मग बाळंतपणात परत वाढलं, मग परत थोडं कमी. पण जिना चढताना दम लागेनासा झाला आणि बिस्किटांचा पुडा आजही मी आत ठेवते. पुढे ज्याच्याशी लग्न झालं तो मानपाड्यातलाच, त्यामुळे चालणं सुटलं नाही. त्याला पहिल्यांदा काकूंकडे नेलं तेव्हा त्यांनी त्याला सतरंजीवर बसवलं. तो उठताना तोल जाऊन पडला आणि स्वतःच खो खो हसला. काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "हा चालेल."

गेल्या वर्षी काकू अजून बारीक दिसायला लागल्या. सुरुवातीला बायका विचारायच्या, "काकू, आता काय नवीन करताय?" काकूंनाही ते जरा आवडायचं, मी बघितलंय. मग त्यांचं चालणं मंदावलं, घास गिळेना, तपासण्या झाल्या आणि सगळ्यांना कळलं. हॉस्पिटलात भेटायला आलेली एक बाई, चांगल्या मनानं, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली, "काही म्हणा काकू, फिगर मात्र तश्शीच हो."

काकूंनी डोळे उघडले. "ही माझी नाही," त्या म्हणाल्या. "ही आजारानं केली. माझी मी केलेली होती, ती वेगळी होती." आणि काकांनी पुढे केलेला पेजेचा चमचा त्यांनी तोंडात घेतला. गिळायला खूप वेळ लागला, पण गिळला. शेवटपर्यंत त्या तसं करत राहिल्या. भूक नसताना एक घास जास्त खायचा, हे त्या आयुष्यात पहिल्यांदा शिकत होत्या आणि ते त्यांना चालण्याहून कितीतरी अवघड जात होतं.

त्या गेल्यावर काही दिवसांनी सकाळी मी चालायला निघाले तर आमच्या जुन्या बिल्डिंगीच्या गेटपाशी काका उभे होते. पायात त्यांच्या मुलानं आणून दिलेले नवे बूट, नाडी एका बाजूची सुटलेली. मी वाकून ती बांधली.

"ती रोज बोलवायची," ते म्हणाले. "मी कधी आलो नाही. कुठपर्यंत जायची ती?"

मी सांगितलं.

"मला तिथपर्यंत ने."

आम्ही निघालो. काका अर्ध्या वाटेत दोनदा कट्ट्यावर बसले. रिक्षावाले थांबून विचारत होते, मी नको म्हणत होते. बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीपाशी पोचेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. काकांचा सदरा घामानं भिजला होता. त्यांनी भिंतीकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, पलीकडच्या गॅरेजकडे बघितलं.

"इथं आहे काय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, काका. इथून आम्ही परत फिरायचो."

ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, "बरं," आणि हळूहळू परत चालायला लागले.