दिवाखोलीची बारावी खिडकी

मला आयुष्यात एकदाच पोलिसांनी धरलं, आणि ते खिडकी मोजायला गेलो म्हणून.

तसा मी निरुपद्रवी माणूस. जालन्याच्या पलीकडे एका लहानशा गावात चित्रकलेचा मास्तर. माझे बाबा त्याच गावच्या स्टेशनावर तीस वर्षं पॉइंटमन होते. येणारी गाडी कोणत्या रुळावर घ्यायची, तो सांधा त्यांच्या हातात. नोकरी संपली तरी रोज स्टेशनावर जाऊन पावणेपाचची पॅसेंजर ‘पास’ केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. (गाडीचं त्यांच्यावाचून अडत नव्हतं. पण हे त्यांना सांगणार कोण?) एकाहत्तर साली होळीनंतर ते न्हाणीत घसरले आणि कमरेचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, "आता चालणं विसरा." बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले आणि बोलणंच विसरले.

तेव्हा मला एक कल्पना सुचली! (माझ्या कल्पना म्हटलं की माझी बायको सुमन आजही कपाळाला हात लावते.) बाबांना स्टेशनावर जाता येत नाही ना? मग स्टेशनच घरात आणू! आत्तेभावाने हैदराबादहून चावीची आगगाडी आणून दिली होती, गोल रुळांसकट. तिच्याभोवती आमचं स्टेशन हुबेहूब उभं करायचं, खऱ्या एका फुटाला दोन सूत, म्हणजे पाव इंच, या मापाने.

भिंती जुन्या लग्नपत्रिकांच्या. चिकटवायला कणकेची खळ. मालधक्क्याचं पत्र्याचं छप्पर बल्बच्या खोक्यातल्या नागमोडी कागदाचं. भिंती दगडी दिसाव्यात म्हणून वर बारीक वाळू.

"अहो, माझी पिठाची चाळणी कुठं हाय?"

"वाळू चाळून राह्यलो!"

"अन् मामांचा एक्स-रे?" (मामा म्हणजे बाबा; सुमन सासऱ्यांना मामाच म्हणते.)

"तिकीटघराला लावला!"

खिडक्यांना काचा नकोत का? एक्स-रेची फिल्म कापली की अगदी धुरकटलेल्या रेल्वेच्या काचा! फक्त तिकिटाच्या खिडकीत बाबांचं एक हाड बराबर मधोमध आलं.

महिन्याभराने पहिली भिंत नळासकट उभी राहिली आणि बाबांनी कूस बदलली. "नळाचं तोंड उगवतीला हाय," ते म्हणाले. कित्येक दिवसांतलं त्यांचं पहिलं वाक्य! मी आणि सुमन आनंदाने रडायचेच बाकी होतो. त्यानंतर रोज एक चूक निघू लागली. बाकाला हात नाही. घंटा डावीकडे. टाकी बुटकी. मी दुरुस्त करत गेलो, बाबा बोलत गेले.

डिसेंबरात स्टेशन पुरं झालं. अकरा खिडक्या. बाबांनी सगळीकडून पाहिलं आणि म्हणाले, "एक कमी हाय. दिवाखोलीच्या मागच्या भिंतीला एक खिडकी हाय. जाय, पाहून ये."

"आत्ता पाहून येतो, बाबा!" मी टेप घेऊन पळालोच. (दिवाखोली म्हणजे सिग्नलचे कंदील ठेवायची खोली.)

आता डिसेंबर एकाहत्तर म्हणजे लढाई सुरू. पुलावर, स्टेशनावर पहारा. अशा दिवसांत एक मिशीवाला माणूस दाताखाली टेप धरून, तारेच्या कुंपणातून वाकून, रेल्वेच्या दिवाखोलीमागे शिरतो आहे, हे कसं दिसत असेल याचा विचार मी अजिबात केला नव्हता. भिंतीपर्यंत पोचायच्या आत हवालदाराने मानगूट धरली.

स्टेशनमास्तरांच्या खोलीतच फौजदार साहेबांनी माझ्या खिशातला कागद वाचायला घेतला. "टाकीची उंची अठरा फूट. सिग्नल तीन. बाक चार, एक मोडका. हवालदार एक, झोपलेला..."

"मी डोळे मिटून कानोसा घेऊन राह्यल्तो, साहेब!" हवालदार ओरडला.

"कोणाला द्यायचा हा कागद?" साहेबांनी मला विचारलं.

"कोणाला न्हाई. घरी स्टेशन बांधून राह्यलो, साहेब. पुठ्ठ्याचं."

"पोरं किती?"

"न्हाईत अजून."

"मंग खेळतं कोण?"

"आमचे बाबा."

साहेबांनी टाक खाली ठेवला आणि घरी माणूस धाडला.

थोड्या वेळाने शेजाऱ्यांचा छकडा आला. सुमनच्या मांडीवर परातीत स्टेशन, आणि मागे गादीवर साक्षात बाबा! "मामा ऐकतच न्हाईत," सुमन म्हणाली. साहेबांनी वाकून तिकिटाच्या खिडकीत डोळा लावला आणि दचकले.

"ही काय भानगड हाय?"

"मामांची कंबर हाय ती," सुमन शांतपणे म्हणाली.

साहेबांनी बाबांना विचारलं, "काका, हे इथलंच स्टेशन हाय ना?"

नुसतं ‘हो’ म्हटलं की मी सुटलो असतो! बाबांनी मान हलवली. "बिलकुल न्हाई. दिवाखोलीला मागून खिडकी हाय. याच्यात कुठं हाय?"

मी हात जोडले. "बाबा, अहो..."

"पोरगं आमचंच हाय," बाबांनी नाइलाजाने कबूल केलं. "चला साहेब, खिडकी दाखवतो."

मी आणि हवालदाराने त्यांना खुर्चीत बसवून उचललं. फलाटावरून, घंटेजवळून, नळावरून आमची वरात निघाली. बाबा प्रत्येक वस्तूला हात लावत होते. दिवाखोलीमागे आलो. भिंत सरळ, सपाट, चुना मारलेली. खिडकीचा पत्ता नाही!

"न्हाई ना?" बाबा म्हणाले. "बराबर. कधीच नव्हती."

"मंग मला कशाला धाडलं?"

"मला वाटलं, तू म्हणशील, चला बाबा, तुम्हीच दाखवा. तर तू टेप घेऊन पळाला! आता गप ऱ्हाय. गाडीची वेळ झाली."

पावणेपाचची पॅसेंजर आली. ड्रायव्हर इंजिनातून अर्धा बाहेर वाकला. "काका! कुठं गेल्ते इतके दिवस?" बाबांनी खुर्चीतूनच हात उंचावून गाडी पास केली. फौजदार साहेब दुसरीकडे बघत नाक पुसत होते. मला त्यांनी सोडलं ते एका अटीवर: पुठ्ठ्याचा हवालदार जागा पाहिजे.

त्या दोघा पोलिसांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी धरलं नसतं तर बाबा त्या खाटेवरच राहिले असते. पुढची चार वर्षं शेजाऱ्यांचा छकडा रोज दुपारी दारात उभा राहिला, आणि खुर्ची उचलायला तोच हवालदार हजर असायचा (पूर्ण जागा).

घरापासून स्टेशन पाऊण मैल. तेवढं अंतर बाबांना पार करता येत नाही म्हणून मी नऊ महिने खपून, दोन दोन सूत मोजत, अख्खं स्टेशन घरात आणलं. छकडा मात्र शेजारच्या अंगणातच सोडलेला असायचा, आणि त्याला टेकून मी रोज वाळू चाळत होतो.