दुपारचं गाणं संध्याकाळी

नागपूरच्या मे महिन्यानं माणसाचा जितका जीव घेतला नसंल, तितका एकट्या माझ्या पार्टनरनं माझा घेतला. पार्टनर म्हणजे सक्करदऱ्याच्या खोलीतला भागीदार. मूळचा कुहीकडला, कॉलेजात नावापुरता, बाकी दिवसभर गवई. बरं, गवई तर सरळ गवई असावा ना! हा सकाळी स्टोव्हले पंप मारता मारता भैरव सुरू करणार, दूध उतू जाईस्तोवर त्याची कव्वाली झालेली. गणपतीच्या आरतीत यानं ठुमरी घुसवली, तर घरमालकीणबाई ताट धरून तशाच थांबल्या. "आरती होऊन राहिली का मुजरा गा?" मी समजावाले गेलो, तर म्हणे, "रागाले कुंपण माणसानं घातलं. मी बैल आहे, घुसणार."

त्याचं खरं वेड म्हणजे आईचं रोवणीचं गाणं. धान रोवताना बाया बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वावरात, वाकून म्हणतात ते. ठेका चिखलातल्या पायांचा. हे त्याले बड्या ख्यालात पाहिजे होतं. मी आवाजांच्या नकला करतो, म्हणून चिखलाचा आवाज माझ्या तोंडाकडं. "छपक-छप! अजून ओला काढ!" महिनाभर माझे गाल दुखून राहिले होते.

मग संगीत मंडळाचा जलसा आला. तिथला कायदा असा, की लोकगीतवाल्यांनी दुपारी पाच मिनिटं गायचं, सतरंज्या अंथरणं सुरू असताना. संध्याकाळ शास्त्रीयवाल्यांची. अध्यक्ष नाकातून म्हणाले, "तुमचं ते शेतातलं दुपारी."

"मायचं गाणं सतरंज्या झटकताना नाही होणार," हा मले बाहेर येऊन म्हणाला. फॉर्मवर 'ख्याल' लिहिलं अन् आईले संध्याकाळी बोलावलं.

मी बाजूले तंबोरा धरून. यानं पंधरा मिनिटं असा मारवा गायला, की अध्यक्ष डोलू लागले. तेवढ्यात मले त्याचं कोपर बसलं. छपक-छप. रोवणी सुरू! गावात एकीनं ओळ टाकली की दुसरीनं उचलायचीच असते; मागच्या रांगेतून आईनं खणखणीत उचलली. सगळे वळून पाहून राहिले, अध्यक्ष ताडकन उभे, अन् पडदा खाली.

बाहेर आई खुशीत. "पडदा काहून पाडला रे बाबू?"

हा खाली बसून तंबोऱ्याले खोळ घालू लागला. मीच म्हणालो, "गाणं संपलं की पाडतात, मावशी."

"संपलं कुठं? अर्धी बांधी रोवायची राहिली."

मग एस.टी. स्टँडपर्यंत माय-लेकानं हळू आवाजात राहिलेली बांधी रोवली. तंबोरा खांद्यावर घेऊन मी मागं. खोलीवर गेल्यावर त्याले चांगलं झापायचं, असं ठरवलं होतं. पण स्टँड येऊच नये, असं वाटून राहिलं होतं.