सहा बोटांचा पाय

वहिनीच्या डाव्या पायाला सहा बोटं होती. ती लग्न होऊन आली तेव्हा माप ओलांडतानाच बायकांनी ते हेरलं आणि लक्ष्मीचं पाऊल म्हणून गावभर तिचं कौतुक झालं.

पावसाळ्याच्या तोंडी माळ्यावरून शेणी काढताना तिच्या पायाखालची शिडी सरकली. ती पाठीवर आपटली आणि कमरेखालचं अंग गेलं. पाठीत मात्र अशी कळ यायची की ती पदराचा बोळा तोंडात धरायची. वैद्यांनी अफू सुरू केली. मोहरीएवढी गोळी दिवाळीपर्यंत हरभऱ्याएवढी झाली. घरात थोरल्या काकांनी दादाच्या दुसऱ्या लग्नाचं काढलं होतं. चौक गावची एक मुलगी त्यांच्या मनात होती. आई म्हणाली, माघापर्यंत थांबू. पाय हलला तर विषय बंद.

वडील कर्जत स्टेशनात मालाच्या कचेरीत होते. त्यांच्या शब्दाखातर रेल्वेचा गोरा डॉक्टर बैलगाडीने घरी आला. मी मुंबईला मिशनच्या शाळेत शिकलेली, म्हणून दुभाषी मी. चार माणसांत माझा आवाज फुटत नसे. डॉक्टरने वहिनीच्या उजव्या गुडघ्याखाली हाताच्या कडेने हलकेच मारलं. उजवा पाय उडाला, आणि कोणी हातही न लावलेला डावा पाय आत ओढला गेला.

"हलला गं," आई म्हणाली, "लक्ष्मीचा पाय हलला." दारातल्या बायकांनी हात जोडले.

गाडीत बसण्यापूर्वी डॉक्टर माझ्याशी एकटीशी बोलला. कणा आतून तुटला की डोक्याचा हुकूम पायांपर्यंत पोचत नाही, मग पाय आपल्या आपणच हलतात. एकीकडे मारल्यावर दुसरीकडे हलणं हे चांगलं लक्षण नव्हे. ती चालणार नाही. या हलण्याला डॉक्टरांकडे नाव होतं. सहाव्या बोटालाही लांबलचक नाव होतं, आणि अफू वाढवत न्यावी लागते त्यालाही: टॉलरन्स. शाळेत हा शब्द आम्हांला सहनशीलतेचा सद्गुण म्हणून शिकवला होता.

मी आत गेले तेव्हा वहिनी माझ्याच वाटेकडे डोळे लावून होती. "माझं मला आधी सांगा, वन्सं." मी सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "घरात बोलू नका. माघ जाऊ दे."

पण पाय हलला म्हणून आईने नवस बोलला आणि अफू बंद केली. बरी होत असलेल्या पोरीच्या पोटात ते विष कशाला, असं तिचं म्हणणं. वहिनी गप्प राहिली. बंद करू नका म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. रोज सकाळी आई तिच्या गुडघ्यावर मारी, शेजारणी पाय उडताना बघत आणि सहाव्या बोटाला कुंकू लावून जात. त्या गेल्या की वहिनीला घाम फुटे, दात वाजत, आणि मग ती कळ. गोधडीचा कोपरा तिने चावून चावून फाडला. मी चोरून गोळी आणते म्हटलं तर मान हलवून नको म्हणाली.

एका दुपारी तिने माझं मनगट धरलं. "सांगून टाका, वन्सं. नाही होत."

मी आईला सांगितलं. आईला ते पटेना. तिने येऊन पुन्हा गुडघ्यावर मारलं, पाय उडाला, आणि तिने माझ्याकडे विजयाने पाहिलं. मग वहिनीला म्हणाली, "आता तू हलव."

वहिनीने डोळे मिटले. कपाळावरच्या शिरा तटतटल्या. पाय तसाच पडून होता. कालचं कुंकू अजून बोटावर होतं. आई खाली बसली आणि कितीतरी वेळ उठली नाही. त्या संध्याकाळी अफू पुन्हा सुरू झाली, पुन्हा मोहरीपासून.

वैशाखात चौकची मुलगी घरात आली. थोरल्या सवतीच्या पाया पडायला तिला आत आणलं. अंगावरच्या नव्या लुगड्यात ती घाबरलेली, माझ्याहूनही लहान. वाकून तिने वहिनीच्या उजव्या पायाला हात लावला, आणि डावा पाय एकदम वर उडाला. मुलगी दचकून मागे सरकली. आईने तोंड दाराकडे फिरवलं.

वहिनीने जड पापण्या उघडल्या. "भिऊ नको गं," ती म्हणाली. "तो मी नाही हलवला."